बाळाची चुळबुळ कोण बघणार?

अपुऱ्या दिवसांचं बाळ पेटीतून घरी आलं की पहिला फोन मामाचा येतो आणि पहिला प्रश्न असतो, "वजन किती भरलं?" मग आत्याचा फोन. "बाळसं धरलं का?" आशाताई येतात त्या काटा घेऊनच. डॉक्टरांच्या फाइलमध्येही वजनाचा आलेख असतो आणि तो वर चढताना दिसला की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. तेराशे ग्रॅमचं पोर अडीच किलोचं झालं, आता काय राहिलं?

राहिलेलं मला माझ्या टेबलावर दिसतं, आठ-दहा महिन्यांनी. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, तालुक्याच्या गावात. बाळ गुटगुटीत असतं. आई सांगते, "मान जरा उशिरा धरली, पण धरली. बसवलं की मागे पडतो." मी त्याला काखेत धरून उभं करते. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा टेकत नाहीत. आजी कौतुकाने म्हणते, "बघा कसा उभा राहतोय, पायात जोर आहे!" तो जोर नसतो, ताठरपणा असतो. हे आजीला कसं सांगायचं ते मला इतक्या वर्षांतही नीट जमलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाळाचं वजन जसं तारीख लावून बघितलं जातं, लस जशी तारीख लावून दिली जाते, तशी अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाची हालचालही तारीख लावून बघितली गेली पाहिजे. 'मान धरली नाही' अशी तक्रार घेऊन कोणी येईल याची वाट बघत बसायचं नाही. तक्रार येते तोवर सगळ्यांत कामाचे महिने निघून गेलेले असतात.

बाळ लवकर आलं म्हणजे नेमकं काय चुकतं, ते आधी बघू. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळाला पोटात जागा पुरत नाही. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, मुठी तोंडापाशी, असं ते घडी घालून राहतं. ही अडचण त्याच्या फायद्याची असते. लाथ मारली की गर्भाशयाची भिंत ती परत ढकलते, स्नायूंना आयता व्यायाम होतो. म्हणून पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेच हातपाय आखडून, मुठी वळून. तिसाव्या आठवड्यात बाहेर पडलेल्या बाळाला ही घडी मिळतच नाही. ते गादीवर बेडकासारखं पसरतं. खांदे मागे, गुडघे बाहेर, मान एका बाजूला कललेली. गुरुत्वाकर्षणाशी त्याची गाठ दहा आठवडे आधी पडते, तीही अंगात बळ नसताना. चांगल्या एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स दुपट्यांची वळकटी करून बाळाभोवती घरटं करतात, त्याला कुशीवर निजवतात, हात तोंडाशी आणून ठेवतात. काचेबाहेरून बघणाऱ्या बापाला ते लाड वाटतात. पण फिजिओथेरपी तिथेच सुरू झालेली असते. आईच्या उघड्या छातीवर बाळाला तासन् तास ठेवायची कांगारू पद्धतही तशीच. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या म्हणून ती सुरू झाली. आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान आठ तास आणि जमेल तितकी जास्त वेळ ती करायला सांगते. ऊब आणि दूध हे तिचे ठाऊक असलेले फायदे. पण छातीवर उभं पालथं झोपलेलं बाळ मान उचलायचा पहिला प्रयत्नही तिथेच करतं, हे फारसं कोणी बोलत नाही.

मग मेंदू. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या कडेला साधारण बत्तीस-चौतीस आठवड्यांपर्यंत फार नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तदाब वरखाली झाला तर ते फुटू शकतं; फुटलंच तर बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच. रक्तपुरवठा कमी पडला तर त्याच भागातल्या पांढऱ्या द्रव्याला, म्हणजे मज्जातंतूंच्या जुडग्यांना, इजा होते. आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके या पोकळ्यांना सर्वांत जवळून जातात. म्हणून अशा मुलांत सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालीवरचा ताबा कायमचा बिघडणं) झालीच तर ती बऱ्याचदा हातांपेक्षा पायांत जास्त दिसते. वर सांगितलेली कात्री ती हीच.

इथे घाबरून जाऊ नये. अपुऱ्या दिवसांची बहुतेक मुलं चालतात, पळतात, पतंगामागे गच्चीवर धावतात. पण 'मोठं दुखणं नाही' म्हणजे 'काहीच नाही' असंही नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा मागोवा पार तारुण्यापर्यंत घेतला. आपल्याकडे इतक्या चिकाटीने केलेलं असं काम विरळाच. ही मुलं बारा वर्षांची झाली तेव्हा बऱ्याच जणांची बुद्धी सर्वसाधारण पट्ट्यात होती, तरी हात आणि डोळ्यांचा मेळ, हालचालीतली सफाई, लिहिण्याचा वेग, गणित यांत ती बरोबरीच्यांपेक्षा मागे होती. असा मुलगा शाळेत 'आळशी' ठरतो, 'अक्षर गचाळ' म्हणून छडी खातो. त्याच्या जन्माची फाइल तोवर माळ्यावर गेलेली असते.

आता चुळबुळीकडे येते. हाइंत्स प्रेश्टल नावाचे ऑस्ट्रियात जन्मलेले डॉक्टर नेदरलँड्समध्ये वर्षानुवर्षं बाळांचे व्हिडिओ बघत बसले. हात न लावता, टॉर्च न मारता, नुसतं बघत. त्यांना दिसलं की बाळ साधारण तीन महिन्यांचं होतं तेव्हा जागं आणि खुशीत असताना त्याच्या मानेत, धडात, मनगटांत, घोट्यांत एक बारीक, गोलसर, सगळ्या दिशांनी फिरणारी हालचाल सतत चालू असते. इंग्रजीत तिला फिजेटी मूव्हमेंट्स म्हणतात. आपल्याकडे शब्द शोधायला नको, चुळबुळच ती. प्रेश्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १३० बाळांची माहिती छापली. ज्या ७० बाळांची चुळबुळ व्यवस्थित होती त्यांतली ६७ पुढे ठीक निघाली. ज्या ६० बाळांत ती नव्हती किंवा बिघडलेली होती, त्यांतल्या ५७ जणांना पुढे मज्जासंस्थेचा काही ना काही दोष निघाला. नंतरच्या अभ्यासांनी हे पुन्हा पुन्हा तपासलं. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने स्पष्ट लिहिलं की ही पाहणी, बाळाची हातांनी केलेली पद्धतशीर तपासणी आणि गरज पडली तर एमआरआय, एवढ्यावर सेरेब्रल पाल्सीचं निदान सहा महिन्यांच्या आत करता येतं. पूर्वी त्याला एक ते दोन वर्षं लागत. आपल्याकडे अजून लागतात.

यातला विनोद म्हणा, दुर्दैव म्हणा, असा की ज्या बाळात ही चुळबुळ नाही ते घरात 'गुणी' ठरतं. "काही त्रास नाही हो, ठेवलं तिथे राहतं." हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात.

ही चुळबुळ दिसते ती साधारण नऊ ते वीस आठवडे या वयात, आणि हे वय करेक्टेड धरायचं. म्हणजे बाळ जितके आठवडे आधी आलं तितके वजा करायचे. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं तरी हालचालीच्या हिशेबात ते अडीच महिन्यांचंच. हे गणित आईला दवाखान्यातून सुट्टी देताना कागदावर लिहून मिळालं तर दोन चुका टळतात. उगाच घाबरणं टळतं, आणि "लवकर आलंय ना, करेल उशिरा" असं म्हणत वर्षभर थांबणंही टळतं. दुसरी चूक जास्त महाग पडते. तिला जोड म्हणून घराण्याचा इतिहास असतोच: याचे वडीलही दीड वर्षाचे होईपर्यंत चालले नव्हते, मामा तर दोन वर्षांचा. (मामाचा जन्म पूर्ण दिवसांचा होता, एवढं सांगायचं राहतं.)

आता सरकारी लसीकरणाच्या तारखा बघा. जन्मल्यावर, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, आणि त्यानंतर थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर. लसीच्या तारखा जन्मतारखेवरून मोजायच्या असतात, ते बरोबरच आहे. पण आपल्या तीस आठवड्यांच्या बाळाला हे लावून पाहा. चौदाव्या आठवड्याची लस घेताना त्याचं करेक्टेड वय चार आठवडे असतं. चुळबुळ अजून सुरूच झालेली नसते. नऊ महिन्यांनी गोवरची लस घ्यायला येतं तेव्हा ते करेक्टेड साडेसहा महिन्यांच्या पुढे गेलेलं असतं. चुळबुळ संपून गेलेली असते. बघण्याची खिडकी उघडली आणि बंद झाली, आणि त्या मधल्या साडेपाच महिन्यांत सरकारी दवाखान्याची पायरी चढायचं त्याला लसीच्या निमित्ताने एकही कारण नव्हतं. कोणी हलगर्जीपणा केला असं म्हणत नाही मी. सगळ्यांनी आपापलं काम वेळेवर केलं तरी हे बाळ दोन तारखांच्या मधल्या फटीतून पडतं.

योजना नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली ती आपल्या पालघरमधून. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब शोधायचा, आणि सापडलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, असा आराखडा. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली असावेत असं कागदावर आहे, आणि तो कागद खरंच विचार करून लिहिलेला आहे. मला त्यात दोन गोष्टी खटकतात. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं. अकरा आठवड्यांची खिडकी सहा महिन्यांच्या फेरीत सापडली तर नशीब. आणि केंद्र जिल्ह्याच्या गावी. सिरोंच्याच्या आईला गडचिरोली गाठायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. एकदा तपासायला ती जाईल. दर आठवड्याला व्यायामासाठी जाईल असं गृहीत धरणाऱ्याने एकदा तान्हं मूल मांडीवर घेऊन त्या एसटीने जाऊन बघावं.

पण गडचिरोलीनेच याचं उत्तरही दाखवलेलं आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरात नेली, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून दाखवलं की त्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या वेळी "अडाणी बाई न्यूमोनिया कसा ओळखणार" असं विचारणारे होतेच. पुढे देशभरातल्या आशाताई घरोघरी जाऊन बाळ तपासू लागल्या त्यामागे हा अनुभव आहे. जी बाई श्वास मोजू शकते ती मोबाइलवर तीन मिनिटांचं चित्रण करू शकते. ते बघून निर्णय द्यायला शिकलेली माणसं लागतात, पण ती गावात असायला नकोत. जिल्ह्याला दोन असली तरी चालतील, आणि त्यांचं शिक्षण काही दिवसांचं आहे, काही वर्षांचं नाही.

जगात २०२० साली सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतात. दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नाहीत. ही बाळं वाचवण्यासाठी जिल्हा रुग्णालयांत आपण नवजात कक्ष उभे केले, आणि ते काम मोठं झालं. सातवं जगतं नि आठवं दगावतं, असं आपल्या आज्या म्हणत; आता बत्तिसाव्या आठवड्याचं बाळ सहसा घरी जातं. (त्या म्हणीत तथ्य कधीच नव्हतं. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो.) पण कक्षाचं यश मोजलं जातं किती बाळं जिवंत घरी गेली यावर. घरी गेलेलं बाळ वर्षाने बसतं का, हा आकडा कुठल्या आढावा बैठकीत वाचला जात असेल तर मला आनंद होईल.

माझ्या बाजूला अडचणीचा असलेला पुरावाही सांगते. घरी गेल्यावर दिलेल्या लवकरच्या उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर हालचालीतला फायदा पहिल्या वर्षात दिसतो, पण लहान असतो, आणि शाळेच्या वयापर्यंत टिकल्याचं दिसत नाही. समज आणि बुद्धीवरचा परिणाम शाळेआधीच्या वयापर्यंत टिकतो. मग एवढा खटाटोप कशाला, असं एका डॉक्टरमित्राने मला विचारलं होतं. माझं उत्तर असं की या अभ्यासांत सगळी बाळं एका टोपलीत आहेत. ज्यांना काहीच लागत नव्हतं ती, आणि ज्यांना रोज लागत होतं ती. उपचारही एका टोपलीत आहेत, हातपाय हलवून देण्यापासून खेळातून शिकवण्यापर्यंत. सरासरी पातळ निघणारच. म्हणून तर मी सरसकट व्यायाम द्या म्हणत नाही. सरसकट बघा म्हणते. ज्यांची चुळबुळ ठीक आहे त्यांच्या आईला चार गोष्टी सांगून मोकळं करा आणि वेळच्या वेळी पुन्हा बघा. एका चांगल्या व्हिडिओवरून सगळंच सुखरूप असं म्हणता येत नाही. ज्यांची नाही त्यांच्यामागे सगळी शक्ती लावा.

हे न केल्यामुळे शहरात उलटा रोग लागलाय. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईबापांना घाबरवून थेरपीची पॅकेजं विकणारे आहेत. तीस सेशन्सचे पैसे आगाऊ, बाळ आत, दार बंद, आई बाहेर मोबाइलवर. माझ्याच व्यवसायातले लोक आहेत हे. बाळ तिथे आठवड्यात दोन तास असतं आणि उरलेले एकशे सहासष्ट तास आईजवळ असतं. फिजिओथेरपिस्टचं खरं काम आईचे हात शिकवण्याचं आहे. उचलताना बाळाचे दोन्ही हात पुढे कसे आणायचे, दूध पाजताना खांदे मागे पडू नयेत म्हणून कसं धरायचं, दुपट्यात पाय सरळ करून का बांधायचे नाहीत, जागं असताना पोटावर आणि झोपताना पाठीवर, खेळणं नेमकं किती दूर धरलं की बाळ हात पुढे करेल आणि रडणार नाही. यातलं काहीही महाग नाही. पण ज्याच्या-त्याच्या बाळाप्रमाणे ते बदलतं, म्हणून ते फलकावर लिहून भागत नाही.

यावर हटकून विचारलं जातं, "पण आम्ही रोज तेल लावतो की!" लावा. हलक्या हाताने लावलेल्या तेलाने अशा बाळांचं वजन चांगलं वाढतं असं दिसलेलं आहे, आणि आपल्या न्हाणीघरातल्या त्या तासात आईला जी उसंत मिळते तिचीही किंमत आहे. फक्त मालिशवाल्या मावशींनी पायाला धरून उलटं लोंबकळवणं, हात-पाय पाठीमागे ओढून 'मोकळे' करणं हे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नको. आणि तेल म्हणजे फिजिओथेरपी, हा हिशेब चुकीचा आहे. तेल लावताना मावशी हलतात, बाळ पडून असतं. हालचाल बाळाने स्वतः करायची असते, चुकत, धडपडत, हजार वेळा. २०२१ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा धोका असलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, तीही हेच सांगतात: बाळाच्या स्वतःच्या प्रयत्नातून, ठरवलेल्या उद्दिष्टाने, घरच्या वातावरणात. नुसतं हात लावून हातपाय हलवत बसण्याला त्यांत जागा नाही. वॉकरबद्दल तर बोलायलाच नको. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो बारशाला आहेर म्हणून येतो. लाकडी पांगुळगाडा निदान बाळाला स्वतः उभं राहून ढकलावा लागे. वॉकरमध्ये बसवलेलं ताठर पायांचं बाळ चवड्यांवर सरकतं, आणि घर टाळ्या वाजवतं.

हे सगळं आईवर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण तिच्याजवळ वेळ हवा. नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा आहे. तीस आठवड्यांच्या बाळाचे त्यातले पहिले सहा-आठ दवाखान्यातच जातात आणि रजा संपते तेव्हा ते करेक्टेड चार महिन्यांचं असतं, म्हणजे काम सुरू व्हायच्या वेळी. प्रसूती रजेच्या कायद्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणासाठी जादा महिन्याची तरतूद आहे खरी, पण ती त्यामुळे आई आजारी पडली तर. बाळ अशक्त आहे, हे कारण कायद्याला पुरत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की मात्र सरकारकडे बरंच काही आहे. 'निरामय' योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला एक लाखापर्यंतचं विमासंरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. अपंगत्व ठरल्यानंतर पैसे आहेत. ते कमी करता येईल अशा महिन्यांत, जेव्हा मुलाला अजून कुठलंच नाव मिळालेलं नाही, तेव्हा नाहीत.

नवी योजना मी मागत नाही. आशाताईंच्या घरभेटींमध्ये एक भेट सहाव्या महिन्याची ठरलेली आहे. हिशेब करून बघितला तर अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाचं तेव्हाचं करेक्टेड वय चौदा आठवडे येतं, तीसच्या बाळाचं सोळा, बत्तीसच्या बाळाचं अठरा. म्हणजे ज्या बाळांना सगळ्यांत जास्त धोका, त्यांच्यासाठी ही भेट नेमकी चुळबुळीच्या खिडकीत पडते. चौतीसच्या बाळासाठी ती पंधरा दिवस अलीकडे घ्यावी लागेल, एवढंच. आज त्या भेटीचा मुख्य विषय वरचं अन्न असतो, घरात उष्टावणाची तयारी चाललेली असते. ताईंनी वाटी-चमचा काढण्याआधी बाळाला गोधडीवर पाठीवर निजवायचं, झबलं काढायचं, खुळखुळा बाजूला ठेवायचा, आणि मोबाइल वर धरून तीन मिनिटं थांबायचं. बाळाशी कोणी बोलायचं नाही, टिचक्या वाजवायच्या नाहीत, नाहीतर ते बोलणाऱ्याकडे बघत राहतं आणि चुळबुळ थांबते. आजीला तीन मिनिटं गप्प बसवणं, हे यातलं सगळ्यांत अवघड काम आहे.